एसपी घेतलं तरी मॅथ्स येतंच

दहावीचा निकाल लागला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत कॉमर्सला जाणाऱ्या मुलांच्या घरांत एका प्रश्नावर खल सुरू होतो: मॅथ्स घ्यायचं की एसपी? सेक्रेटरिअल प्रॅक्टिस घेतली की अकरावी-बारावी गणिताशिवाय पार पडते, टक्केवारीही बरी येते. ज्या मुलाने दहावीला गणितात कसेबसे पंचेचाळीस मिळवलेत, त्याच्या घरी फार वेळ चर्चा चालत नाही. एसपीवर शिक्कामोर्तब होतं आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात.

दोन वर्षांनी हाच मुलगा एफवाय बी.कॉम.ला बसतो आणि वेळापत्रकात मॅथ्स दिसतं. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.ला पहिल्या वर्षी ‘मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स’ हा पेपर वर्षानुवर्षं सक्तीचा होता. २०२४-२५पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे रचना बदलली, विषयांची नावं आणि क्रेडिट बदलले, स्वायत्त कॉलेजांनी आपापले अभ्यासक्रम आखले. तरी कॉमर्सच्या पदवीत कुठे ना कुठे आकडेमोड समोर येतेच. दोन वर्षं वहीत एकही समीकरण न लिहिलेल्या मुलासमोर रिग्रेशनच्या रेषा येतात. मग ऑगस्टमध्ये मला आईवडिलांचे फोन सुरू होतात: ‘‘याला मॅथ्स नको म्हणूनच एसपी दिलं होतं हो!’’

इंजिनीअरिंगला तर गणित चार सेमिस्टर चालतं. एम-वन, एम-टू, एम-थ्री, एम-फोर ही नावं मुंबईत इंजिनीअरिंग केलेला माणूस चाळिशीतही विसरत नाही, आणि कुंभोजकरांची गणिताची जाडजूड पुस्तकंही विसरत नाही. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीई हिच्या २०२१च्या हँडबुकमुळे बारावीला गणित नसतानाही इंजिनीअरिंगला जाता येईल, अशी मोठी चर्चा झाली होती. त्या बातमीवर विसंबून कुणी बेत आखू नये. महाराष्ट्राच्या सीईटीच्या पीसीएम गटात दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे असतात, आणि बारावीनंतर पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाल्यावर एम-वन कुणालाच माफ नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांची अडचण वेगळीच असते. त्यांचं एम-वन, एम-टू टळतं, पण पहिल्याच सेमिस्टरला एम-थ्रीचं लाप्लास ट्रान्सफॉर्म पुढ्यात येतं. त्याला लागणारं इंटिग्रेशन वर्गातल्या इतरांनी वर्षभर घोटलेलं असतं. अशा मुलांनी प्रवेश पक्का झाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचे आठवडे फक्त इंटिग्रेशन आणि पार्शल फ्रॅक्शन्सला द्यावेत.

पालकांना माझं पहिलं सांगणं असं की मुलाला गणिताची गोडी लावायच्या मागे आता लागू नका. अठराव्या वर्षी नावडता असलेला विषय एका सेमिस्टरमध्ये आवडता होईल, ही अपेक्षा मुलावर आणखी एक ओझं टाकते. आवड नसतानाही विषय सोडवता येतो. लाखो लोक न आवडणारी कामं रोज नीट करतात, तुम्हीही करता. इथे मुलाला चाळीस टक्के मिळवायचे आहेत आणि पुढच्या विषयांना लागेल तेवढं हाताशी ठेवायचं आहे. हे काम ठरावीक आहे, मोजता येण्यासारखं आहे आणि बहुतेक मुलांच्या आवाक्यातलं आहे.

आता विद्यार्थ्यांशी बोलतो. नापास झालेल्या पेपरात तुमचं नेमकं काय चुकतं, हे कधी शोधलंय का? मी अशा मुलांना नापास झालेला किंवा अर्धवट राहिलेला पेपर घेऊन बसवतो, तेव्हा एकाच प्रकारच्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. रिग्रेशनच्या गणितात सरासरी आठ, किंमत पाच, म्हणून फरक उणे तीन. पुढच्या रकान्यात त्याचा वर्ग करायचा, तिथे लिहिलेलं असतं उणे नऊ. तिथून बेरीज चुकली, बेरजेवरून सहगुणक चुकला, उत्तर भलतंच आलं, आणि मुलगा म्हणतो, ‘‘मला रिग्रेशन येत नाही.’’ रिग्रेशनची पद्धत त्याने अगदी बरोबर मांडलेली असते. संभाव्यतेच्या गणितात एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश लिहिणारे तर किती तरी! इंजिनीअरिंगवाले पार्शल डिफरन्शिएशनमध्ये अडकतात तेव्हा पुष्कळदा लॉगचा साधा नियम मोडलेला असतो: बेरजेचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, असं धरून पुढे गेलेले असतात. दुखणं बहुतेक वेळा सातवी ते दहावीतलं असतं, आणि आपण औषध मात्र तेरावीच्या धड्यांवर शोधत राहतो.

म्हणून सेमिस्टर सुरू होताना मागचा एक पेपर घ्या, पुस्तक उघडं ठेवून सोडवायला बसा, आणि जिथे हात थांबेल तिथे समासात खूण करा. खुणा जमल्या की बघा: अपूर्णांक, चिन्हं, घातांक, टक्केवारी, समीकरणात बाजू बदलणं, त्रिकोणमितीची सूत्रं. यादी याहून फार लांब जात नाही. मग त्या-त्या धड्यापुरतं बालभारतीचं आठवी-नववी-दहावीचं पुस्तक काढा. ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कॉलेजात असताना आठवीचं पुस्तक उघडायची लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. घरात दार लावून सोडवा, कुणाला दाखवू नका, पण सोडवा. मंगला नारळीकरांचं ‘गणिताच्या सोप्या वाटा’ मिळालं तर तेही घ्या. शाळेच्या गणितात अडखळणाऱ्या मुलांसाठी इतक्या मायेने लिहिणारे गणिती मराठीत थोडेच झाले. दोन अंकी संख्या वाचायच्या नव्या पद्धतीवरून २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकावर गदारोळ झाला, तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष याच होत्या. त्या बदलाबद्दल मतभेद असू शकतात. लहान मुलांच्या मनात गणिताची भीती कुठे शिरते, याचा विचार मात्र त्यांनी आयुष्यभर केला.

मराठी माध्यमातून आलेल्यांचा प्रश्न आणखी वेगळा. छेद, वर्गमूळ, मध्यक हे सगळं त्यांना येत असतं, पण कॉलेजात सर डिनॉमिनेटर, स्क्वेअर रूट, मीडियन म्हणतात आणि मुलगी पहिल्या बाकावरही गप्प बसते. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करा, शंभरेक शब्द भरा. एवढ्यानेच वर्गातलं बोलणं कानावर नीट पडू लागतं.

अभ्यासक्रम न बघता घाबरणं हा दुसरा घोळ. एफवायच्या त्या पेपरात वर्षानुवर्षं काय होतं ते पाहा: शेअर्स आणि म्युच्युअल फंड, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, लिनिअर प्रोग्रॅमिंग, सरासरी आणि विचलन, संभाव्यता, डिसिजन थिअरी, मग दुसऱ्या सेमिस्टरला डेरिव्हेटिव्ह, व्याज आणि ॲन्युइटी, कोरिलेशन-रिग्रेशन, टाइम सीरिज, इंडेक्स नंबर, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशन. यातलं निम्म्याहून जास्त गुणाकार, भागाकार आणि टक्केवारीवर चालतं. शेअर घेताना दलाली किमतीत मिळवायची, विकताना वजा करायची. एवढं डोक्यात पक्कं असेल तर शेअर्सचं गणित हातचं जात नाही.

ॲन्युइटीचं, म्हणजे समान हप्त्यांचं, एक गणित इथे पूर्ण करून दाखवतो, कारण ते पालकांच्याही कामाचं आहे. एक लाख रुपये कर्ज, वार्षिक १२ टक्के, बारा मासिक हप्ते, व्याज उरलेल्या मुद्दलावर. महिन्याचा दर एक टक्का. साध्या कॅल्क्युलेटरवर १.०१ दाबा, गुणिले दाबा (काही यंत्रांवर दोनदा) आणि ‘बरोबर’ची कळ अकरा वेळा दाबा. १.१२६८२५ येईल, हा १.०१चा बारावा घात. एकाला त्याने भागा: ०.८८७४४९. ते एकातून वजा करा: ०.११२५५१. आता महिन्याचं व्याज, म्हणजे १,००० रुपये, याला या संख्येने भागा. हप्ता येतो साधारण ८,८८५ रुपये. वर्षभराचं व्याज ६,६१९च्या आसपास. हेच कर्ज दुकानदार ‘फ्लॅट बारा टक्के’ म्हणून देतो तेव्हा व्याज पूर्ण १२,००० आणि हप्ता ९,३३३ होतो. दर तोच सांगितलेला, व्याजाचे रुपये जवळजवळ दुप्पट गेलेले. हे गणित मुलाला घरच्या फ्रिजच्या किंवा स्कूटरच्या हप्त्यावर करू द्या, आणि करून झाल्यावर त्याने काढलेला आकडा खरंच वापरा.

अभ्यास कसा करायचा, याबद्दल मी एका गोष्टीवर हटून बसतो: हाताने लिहा. विरारहून अंधेरीला किंवा ठाण्याहून घाटकोपरला येताना लोकलमध्ये यूट्यूबवर लेक्चर बघणारी मुलं मला भेटतात. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पेपरात हात चालत नाही. प्रवासात सूत्रं वाचा, व्हिडिओ बघा, काही हरकत नाही. सोडवणं मात्र टेबलावर, कोऱ्या कागदावर, उत्तर झाकून व्हायला हवं. घरात जागा नसेल तर जवळच्या अभ्यासिकेत जा. रोज पाऊण तास पुरे, पण सबमिशनच्या आठवड्यातही तो पाऊण तास मोडू नका. वन बीएचकेत चार माणसं आणि चालू टीव्ही असतात, तिथे हा वेळ राखणं सोपं नाही. पालकांनी मदत करायची तर इथे करावी: त्या वेळी टीव्ही बंद, पाहुण्यांना नंतरची वेळ.

क्लास लावावा का? पाया कुठे खचलाय हे कळल्यावर लावा. आधी लावलात तर स्टेशनजवळच्या ऐंशी मुलांच्या बॅचमध्ये तुमचा मुलगा तेरावीचे धडे वेगाने उतरवून घेईल आणि उणे तीनचा वर्ग तसाच राहील. त्यापेक्षा मॅथ्स घेऊन आलेला वर्गमित्र आठवड्यातून दोनदा समोर बसला तर जास्त फायदा होतो, त्याचाही आणि तुमचाही.

परीक्षेत पेपरचा ढाचा ओळखा. इंजिनीअरिंगचा विद्यापीठाचा पेपर बरीच वर्षं ऐंशी गुणांचा होता: पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचांतले कोणतेही तीन, आणि पास व्हायला बत्तीस. तुमच्या कॉलेजचा ढाचा वेगळा असेल तर तो आधी मिळवा. मग चार-पाच वर्षांचे पेपर समोर ठेवून कोणता धडा किती गुणांचा आहे ते मांडा आणि जे जमतात ते धडे इतके पक्के करा की घाईतही चुकणार नाहीत. बहुतेकांना मॅट्रिक्स आणि न्यूमरिकल मेथड्स जमतात, कारण तिथे ठरलेल्या पायऱ्या असतात. उत्तर सुटत नसलं तरी सूत्र, तक्ता, पहिल्या पायऱ्या लिहाच. गुण पायऱ्यांना असतात. इंटर्नलचे गुण हलक्यात घेऊ नका. ट्युटोरिअल वेळेवर दिलेल्या मुलाला लेखी परीक्षेत श्वास घ्यायला जागा राहते.

गणित टाळून कोर्स निवडणाऱ्यांनी एक काम जरूर करावं. प्रवेशाआधी त्या पदवीच्या तिन्ही किंवा चारही वर्षांची विषययादी वाचावी. बीएमएसला बिझनेस मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्स आहे. मानसशास्त्रात संशोधनाचा पेपर आला की संख्याशास्त्र येतं. अर्थशास्त्र आणि बीएस्सी आयटी यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर शंभर गुणांचा, गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. ‘‘सीएला मॅथ्स लागत नाही’’ असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना हा पेपर दाखवा.

काही मुलांचा त्रास मात्र नावडीच्या पलीकडचा असतो. लहानपणापासून घड्याळ वाचायला, सुटे पैसे मोजायला, पाढे लक्षात ठेवायला विलक्षण जड गेलं असेल आणि बाकी विषयांत मूल ठीक असेल, तर डिस्कॅल्क्युलियाची तपासणी करून घ्या. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी क्लिनिक आहे. तपासणी एका फेरीत होत नाही, म्हणून परीक्षेच्या तोंडावर धावू नका. अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे आणि प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. कॉलेजच्या कार्यालयात ते वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून अठराव्या वर्षापर्यंत हे दडवून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्या मुलांनी उगाच सोसलेलं पाहून फार वाईट वाटतं.

आणि केटी लागलीच, म्हणजे विषय राहिलाच, तर? मॅथ्सच्या केटीने आयुष्य संपत नाही, पण ती साठू देऊ नका. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या चालू केटी असलेल्यांना बसू देत नाहीत, आणि सगळ्या केटी सुटल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. निकालाच्या दिवशी घरात बोलणी बसण्याआधी दोन कामं करा. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, आणि पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख लिहून ठेवा. फोटोकॉपी आली की प्रत्येक प्रश्नात गुण कोणत्या पायरीवर गेले ते लाल पेनाने खुणवा. तपासणीत चूक दिसली तर रिव्हॅलला, म्हणजे फेरतपासणीला टाका. अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून परिपत्रक त्याच संध्याकाळी शोधा. रिव्हॅलच्या निकालाची वाट बघत मात्र बसू नका. लाल खुणा जिथे पडल्या त्या धड्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात करा.