शाळेसाठी शांत आणि थंड चालणारा कॉम्प्युटर : भाग कसे निवडाल?



आजच्या लेखात पाठटाचण नाही की स्वाध्याय नाही. आज वर्गात कोपऱ्यात बसून दिवसभर घरघरणाऱ्या कॉम्प्युटरविषयी बोलायचं आहे. हा विषय वाचनाच्या तासाशी कसा जोडलेला आहे, ते आधी सांगते.

आमची शाळा सोलापूरच्या शुक्रवार पेठेत. एप्रिल महिना, सकाळची शाळा, तिसरीचा प्रकट वाचनाचा तास. वर्गात एक मुलगी आहे. घरी तेलुगू बोलतात, मराठी ती शाळेतच शिकली. आवाज मुळात बारीक. ती वाचायला उभी राहिली की मी दर वेळी म्हणायचे, "मोठ्याने वाच गं, ऐकू येत नाही." तिच्या प्रगतीच्या नोंदीत मी "वाचनाचा सराव आवश्यक" असा शेराही लिहून ठेवला होता.

त्या दिवशी ती वाचत असतानाच आमचा कॉम्प्युटर गरम होऊन आपोआप बंद पडला. घरघर थांबली. छताचा पंखा तेवढा फिरत होता. आणि पहिल्यांदाच मला तिचं वाचन शेवटच्या शब्दापर्यंत नीट ऐकू आलं. अडखळत नव्हती. जोडाक्षरंही बरोबर. सराव कमी पडत होता तो तिचा नव्हे, माझ्या कानांपर्यंत तिचा आवाज पोचतच नव्हता. तो शेरा मी त्याच दिवशी बदलला.

कॉम्प्युटर मात्र पुन्हा सुरू झाला नाही. चोरीच्या भीतीने आम्ही तो कुलूपबंद लाकडी कपाटात ठेवला होता, आणि धूळ बसू नये म्हणून वर टॉवेल झाकला होता. सोलापूरकरांना टॉवेलांची काय कमी! उघडल्यावर आत खडूची पूड आणि सुताचे तंतू यांचा नमद्यासारखा थर निघाला. शाळा व्यवस्थापन समितीने पैसे जमवले, नवा असेंबल्ड कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, आणि भाग निवडायचं काम माझ्याकडे आलं. डी.एड.ला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. जे शिकले ते तुमच्यासाठी लिहिते आहे.

१) आवाज येतो कुठून?

कॉम्प्युटर जेवढी वीज घेतो, ती जवळपास सगळीच शेवटी उष्णता बनते. ती उष्णता बाहेर काढायला पंखे असतात. उष्णता जास्त, तर पंखा जोरात. पंखा जोरात, तर आवाज जास्त. म्हणजे आवाज हा उष्णतेच्या मागोमाग येतो.

म्हणून "जास्त पंखे लावा म्हणजे थंड राहील" हा उपाय अर्धाच आहे. आधी उष्णता कमी निर्माण करणारे भाग घ्यायचे. मग उरलेल्या उष्णतेला बाहेर पडायला मोकळी वाट द्यायची. पंखा तिसऱ्या क्रमांकावर. हा क्रम लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज शिकवण्याच्या वेळी ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये असं सुचवलं आहे. आपल्या वर्गात रस्ता असतो, शेजारचा वर्ग असतो, छताचा पंखा असतो. ते आपल्या हातात नाही. कॉम्प्युटरची भर तरी पडू देऊ नये.

२) सोलापूरच्या उन्हाचा हिशोब

पंखा आणि हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा) कोणत्याही भागाला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. ते फक्त खोलीच्या तापमानावरची चढ कमी करतात.

समजा, २५ अंशांच्या खोलीत एखादा प्रोसेसर काम करताना ६० अंशांवर जातो. चढ झाली ३५ अंश. तोच प्रोसेसर, तेच काम, पण खोली ४२ अंशांची. उत्तर अंदाजे ७७ अंश. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो हे वेगळं सांगायला नको. त्यात कॉम्प्युटर बंद कपाटात असेल, तर त्याच्यासाठी "खोली" म्हणजे ते कपाटच, आणि आतली हवा तापतच जाते. बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही तापले तर बंद पडतात. आमचं तेच झालं.

थंड हवेच्या ठिकाणच्या माणसाचा "माझा तर छान चालतो" हा सल्ला म्हणूनच आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

३) प्रोसेसर : गरजेपुरताच

आधी कामाची यादी करा. आमची अशी होती : दीक्षावरचे व्हिडिओ, कवितांचे ऑडिओ, पीपीटी, यूडायस व शालार्थची कामं, प्रश्नपत्रिका टाइप करणं. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामासाठी. तो कोड स्कॅन करून धडा दाखवायलाही फार ताकदीचा प्रोसेसर लागत नाही.

प्रोसेसरच्या माहितीत वॅटचा आकडा दिलेला असतो. तो बघायची सवय लावा.

• इंटेल एन-१०० : ४ कोअर, ६ वॅट. व्हिडिओ, टायपिंग, ब्राउझर यांना पुरतो.
• इंटेल कोअर आय-३ १२१०० : ४ कोअर, मूळ आकडा ६० वॅट. याचाच "टी" अक्षराचा भाऊ ३५ वॅटचा. "टी" बहुतेक तयार मिनी कॉम्प्युटरमध्ये आढळतो.
• एएमडी रायझन ५ ५६००जी : ६ कोअर, ६५ वॅट. व्हिडिओ एडिटिंग करणार असाल तर.

हे आकडे सरासरी भाराचे समजा. थोडा वेळ जोर लावताना प्रोसेसर त्याहून जास्त वीज घेऊ शकतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब हाताला किती चटका द्यायचा ते आठवा. तेवढीच उष्णता इथे नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची असते.

आणखी एक गोष्ट. इंटेलच्या नावामागे "एफ" असेल, तर त्यात चित्र दाखवणारा भाग नसतो. मग वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं, म्हणजे आणखी उष्णता आणि आणखी पंखे. एफचा प्रोसेसर स्वस्त दिसतो, पण शाळेला महागात पडतो. प्राथमिक शाळेला वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही.

एन-१०० चे काही बोर्ड पंख्याशिवाय, नुसत्या हीटसिंकवर चालतात. पूर्ण शांत! पण आपल्या उन्हाळ्यात माझं मत असं, की कॅबिनेटमध्ये एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा असू द्यावा.

४) पंखा : मोठा आणि सावकाश

इथे चौथी-पाचवीचं गणित उपयोगी पडतं. ८० मिलिमीटरच्या जागी १२० मिलिमीटरचा पंखा घेतला, तर बाजू दीडपट होते. क्षेत्रफळ किती पट? दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन पट. मोठा पंखा तेवढीच हवा कमी फेऱ्यांत सरकवतो.

दुसरा ठोकताळा असा : पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आता दोन सारखे पंखे निम्म्या वेगाने लावा. हवा जवळपास पूर्वीइतकीच, आणि दुसऱ्या पंख्यामुळे आवाजात भर पडते फक्त ३ डेसिबलची. म्हणजे निव्वळ सुमारे १२ डेसिबलचा फायदा. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. एकट्याला पळवण्यापेक्षा दोघांनी सावकाश चालावं, असा हा हिशोब.

पंखा चार पिनांचा घ्या. मदरबोर्ड त्याचा वेग तापमानानुसार नीट कमी-जास्त करू शकतो. बायोसमध्ये पंख्याचं सेटिंग असतं, तिथे "सायलेंट" पर्याय बहुधा मिळतो. जोडणाऱ्याला सांगून तो लावून घ्या आणि उन्हाळ्यात तापमान एकदा तपासा.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्ट लावतात. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी त्यात बारीक खड्डे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची मंद वाहक. पेस्ट ते खड्डे भरते. मटारच्या दाण्याएवढी पुरते. जुना कॉम्प्युटर अचानक तापू लागला तर धूळ काढल्यावर ही पेस्टही बदलून बघा.

५) कॅबिनेट : पुढून जाळी हवी

दुकानात काचेचं तोंड आणि आत रंगीत लाइट असलेली कॅबिनेट समोर मांडलेली असतात. मुलांना आवडतात, खरं सांगते, मलाही आवडली. पण समोर काच असेल तर हवा आत शिरणार कुठून? पुढच्या बाजूला जाळी, तिच्यामागे काढून धुता येईल असा धूळफिल्टर, आणि पुढे-मागे १२० मिलिमीटरच्या पंख्यांची सोय, एवढं बघा. पुढचा पंखा हवा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा. पुढचा किंचित जोरात ठेवला तर हवा फिल्टरमधूनच आत येते, फटींतून धूळ कमी शिरते.

६) एसएमपीएस : इथे काटकसर नको

भिंतीतली वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा डबा म्हणजे एसएमपीएस. हे करताना थोडी वीज वाया जाते आणि ती उष्णता होते. आतल्या भागांना १०० वॅट हवे आहेत असं धरू.

• ८५ टक्के कार्यक्षम एसएमपीएस भिंतीतून सुमारे ११८ वॅट घेईल. वाया गेले १८.
• ७० टक्के कार्यक्षम एसएमपीएस सुमारे १४३ वॅट घेईल. वाया गेले ४३.

म्हणजे दुप्पटीहून जास्त उष्णता नुसत्या डब्यातच, आणि तिला बाहेर काढायला त्याचा पंखा किंचाळणार. "८० प्लस ब्रॉन्झ" असं प्रमाणपत्र असलेला घ्या. ब्रॉन्झला निम्म्या भारावर ८५ टक्के कार्यक्षमता लागते. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ४०० ते ४५० वॅटचा भरपूर झाला.

७) हार्ड डिस्कऐवजी एसएसडी

हार्ड डिस्कच्या आत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. गुणगुण आणि कटकट तिथूनच येते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही. आवाज शून्य, उष्णता कमी, कॉम्प्युटरही चटकन सुरू होतो. जुन्या कॉम्प्युटरमध्ये एकच बदल परवडत असेल तर हा करा.

८) "पाण्यावर थंड होणारा घ्या" असं कुणी म्हटलं तर

पुण्याच्या आयसर संस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकाला द्रवाने थंड करतात. तिथे असंख्य प्रोसेसर एकत्र, रात्रंदिवस राबतात. आपल्या ६० वॅटच्या प्रोसेसरला त्याची गरज नाही. त्यात पंप असतो, पंखेही असतातच, आणि बिघडलं तर शाळेत दुरुस्त कोण करणार?

९) घेतल्यानंतर

• बंद कपाटात ठेवू नका. चोरीची भीती असेल तर लोखंडी जाळीचा पिंजरा करून घ्या. कुलूपही लागतं, हवाही खेळते.
• चालू असताना कव्हर, टॉवेल, चादर काही झाकू नका. बंद करून थंड झाल्यावर खुशाल झाका.
• फळ्याखाली ठेवू नका, खडूची पूड थेट आत जाते. जमिनीपासून हातभर उंच आणि मागे वीतभर मोकळी जागा ठेवा.
• पाण्याच्या कूलरचा झोत त्यावर येऊ देऊ नका.
• फिल्टर महिन्याला धुवून पूर्ण वाळवून बसवा. आतली साफसफाई उन्हाळ्याआधी आणि दिवाळीनंतर. प्लग काढूनच. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही आत विजेचा भार राहू शकतो.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. प्रोसेसर किती वॅटचा? त्यात ग्राफिक्स आहे का?
२. एसएमपीएसवर ८० प्लसचं चिन्ह आहे का?
३. कॅबिनेटला पुढे जाळी आणि धुता येणारा फिल्टर आहे का?
४. पंखे १२० मिलिमीटरचे, चार पिनांचे आहेत का?
५. एसएसडीच आहे ना?

ही यादी कागदावर लिहून न्या. आमच्या समितीतल्या एका पालकांनी तीच यादी घरच्या कॉम्प्युटरसाठीही वापरली.

मुलांसाठी उपक्रम : डोळे मिटून एक मिनिट बसायचं आणि वर्गात कोणकोणते आवाज येतात त्यांची यादी करायची. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा एक मिनिट. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. ध्वनीच्या पाठाला छान जोड मिळते. शिक्षकांनीही यादी करावी, ही विनंती.

आमचा नवा कॉम्प्युटर आता जाळीच्या पिंजऱ्यात, खिडकीपासून जरा दूर आहे. तो चालू आहे का हे बघायला मला दिवा बघावा लागतो. ती मुलगी अजूनही हळूच वाचते. मी तिला आता "मोठ्याने" म्हणत नाही. मागच्या बाकावरची मुलं तिच्याबरोबर पुस्तकात बोट फिरवत असतात, त्यावरून कळतं की तिथपर्यंत ऐकू जातं आहे.

तुमच्या शाळेतला कॉम्प्युटर आज कुठे ठेवला आहे, ते उद्या गेल्या गेल्या एकदा बघा. झाकलेला असेल तर आधी तो टॉवेल काढा.