जुनी वेगवान गाडी घेताना : आधी कागद, मग अंग, शेवटी इंजिन

भंडाऱ्याच्या बाजारात जुने पितळी भांडे विकायला आले तर जाणता कारागीर त्याच्या चकाकीला भुलत नाही. चिंच लावून घासले की कोणतेही पितळ चकाकते, हे त्याला ठाऊक असते. तो भांडे उचलून वजनाचा अंदाज घेतो, टिचकी मारून नाद ऐकतो आणि उलटे करून डाग कुठे दिला आहे ते शोधतो. मगच भाव विचारतो. जुनी मोटार घेतानाही हीच नजर हवी. पण गाडी समोर उभी राहिली की हाच कारागीर आपला अनुभव विसरतो आणि पॉलिश पाहून बयाणा देऊन मोकळा होतो.

अलीकडे आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांतील तरुणांचा ओढा जुन्या स्पोर्ट्स कारकडे किंवा जोरदार इंजिनाच्या छोट्या गाड्यांकडे वाढला आहे. त्याचे कारण सरळ आहे. नवी असताना जी गाडी लांबूनच पाहावी लागत होती, ती सात-आठ वर्षांनी आवाक्यातल्या किमतीत दिसू लागते. येथेच पहिली चूक होते. गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. तिची ब्रेक डिस्क, टायर, क्लच आणि टर्बो आजच्या नव्या भावानेच घ्यावे लागतात. हंगामात माल भरण्यासाठी राखलेले भांडवल अशा गाडीत अडकले तर नुकसान केवळ गाडीचे होत नाही, दुकानाचेही होते. म्हणून घेणाऱ्याने आणि त्याच्यासोबत गाडी पाहायला जाणाऱ्या मिस्त्रीने काय तपासावे, ते क्रमाने पाहू.

ही गाडी वेगळी कशी?

मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे आणि ताकद सुमारे ३७ अश्वशक्तीची होती. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये भारतात मोजक्या संख्येने आणलेल्या पोलो जीटीआयची ताकद १९० अश्वशक्तीच्या आसपास होती, म्हणजे पाच पट. एवढी ताकद लहानशा इंजिनातून काढायची तर उष्णता, दाब आणि फेरे सर्वच वाढतात. साध्या गाडीत वेळेवर तेल बदलले नाही तर ती कुरकुरत का होईना चालते. वेगवान गाडी तीच हयगय सोसत नाही. त्यामुळे अशा गाडीबाबत 'किती किलोमीटर चालली' यापेक्षा 'कोणी, कशी चालवली आणि कशी सांभाळली' हा प्रश्न मोठा आहे.

१. कागद

गाडीला हात लावण्यापूर्वी कागद पाहा. आरसी बुकावरचा चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः अक्षर-अक्षर ताडून पाहा. कोरलेल्या जागेभोवती घासल्याच्या खुणा, नवा रंग किंवा वाकडी अक्षरे दिसली तर सौदा तेथेच सोडा. शासनाच्या 'वाहन' प्रणालीवर गाडीची नोंद, किती मालक झाले, विमा आणि कर्जाचा बोजा हे पाहता येते.

हा केवळ भित्रेपणा नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने भारतातच बनलेल्या 'डीसी अवंती' या स्पोर्ट्स कारबाबत एक प्रकरण उघड केले. आरोप असा होता की एकाच इंजिन व चेसिस क्रमांकावर वेगवेगळ्या राज्यांत नोंदणी झाली आणि एकाच गाडीवर एकाहून अधिक कर्जे उचलली गेली. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आपण एवढा धडा घ्यावा की गाडी कितीही महाग आणि नावाजलेली असली तरी क्रमांक ताडून पाहणे चुकवू नये.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. जुन्या विम्याचे कागद मागा. 'नो क्लेम बोनस' मध्येच शून्यावर आला असेल तर त्या वर्षी दावा झाला होता. तो कशासाठी झाला ते विचारा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही, हेही लक्षात ठेवा.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. पुढे त्या नियमांत बदल होत गेले, पण त्या काळात तिकडच्या अनेक गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी घेतली तर तिकडच्या आरटीओचे नाहरकत पत्र (फॉर्म २८) लागते. गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर महाराष्ट्राचा क्रमांक घेणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि येथला कर वेगळा भरावा लागतो. एमएच ३६ क्रमांक मिळेपर्यंतचा सर्व खर्च आधी आपल्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून घ्या. तो किमतीत मिळवल्यावर स्वस्त गाडी बहुधा स्वस्त राहत नाही.

गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा हिशेबही करा. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीसाठी हे शुल्क ५,००० रुपये आणि आयात केलेल्या मोटारीसाठी ४०,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० रुपये करण्यात आले.

२. अंग

गाडी दिवसाच्या उजेडात, कोरड्या अंगाने पाहा. धुतलेली, ओली गाडी किंवा रात्री दिव्याखाली दाखवलेली गाडी पाहू नये. बॉनेट, दरवाजे आणि डिकी यांच्या कडेच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. कारखान्याचा रंग साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखाद्या ठिकाणी आकडा त्याच्या कितीतरी पट आला तर खाली पुट्टी आहे असे समजा. हाच तो भांड्याचा डाग. बॉनेटच्या आणि दरवाजांच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग निघालेला असेल तर पाना लागलेला आहे. पुढच्या चेसिसच्या पट्ट्या वाकवून सरळ केल्या असतील तर अशी गाडी वेगात सरळ चालत नाही. ती कोणत्याही भावात घेऊ नका.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर तो काढून टाकला असण्याचा संभव आहे, म्हणजे एअरबॅग उघडून गेल्या आणि पुन्हा बसवल्याच नाहीत.

पुराचे पाणी हा आपल्या भागातला खास विषय आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुरात भंडारा शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्या सुकवून, धुऊन, अत्तर मारून पुन्हा बाजारात येतात. म्हणून मॅटखालचा गालिचा उचलून ओल आणि गाळ पाहा. आसनाखालच्या पट्ट्यांवर गंज आहे का, दिव्यांच्या काचेत आतून बाष्प आहे का, तेही पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग लोक धुतात, गुंडाळीतला शेवटचा हात राहून जातो. जास्त यंत्रणा असलेल्या गाडीत पाणी गेले की दोष सहा महिन्यांनी, एकेका वायरीतून डोके वर काढतो.

गाडी उंच करून तळ जरूर पाहा. या गाड्या बुटक्या असतात आणि आपल्या गल्ल्यांतले गतिरोधक त्यांच्यासाठी बनवलेले नाहीत. तेलाचा चेंबर खरवडलेला किंवा डाग दिलेला असेल तर पुढचा धोका ओळखा.

३. इंजिन

विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नये. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम असेल तर थंड इंजिनाचा दोष लपवला जात असावा. थंड गाडी सुरू करून धूर पाहा. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जाते आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त पडते आहे. तेलाच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरट थर दिसला तर हेड गॅस्केटविषयी शंका घ्या. मात्र थंडीत, थोडेथोडे अंतर चाललेल्या गाडीतही असा थर येतो, म्हणून केवळ त्यावर निवाडा करू नका.

टर्बो असेल तर हवेच्या नळीत तेल किती आहे ते मिस्त्रीकडून पाहून घ्या. वेगात चालवून पाय काढल्यावर निळा धूर आला किंवा चरचरीत शिट्टी ऐकू आली तर टर्बोचा खर्च धरूनच भाव करा. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सर्व सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकाचा आकडा इतरांपेक्षा १० टक्क्यांहून अधिक खाली असेल तर कारण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. टायमिंग बेल्टची गाडी असेल तर तो केव्हा बदलला याचे बिल मागा. तोंडी उत्तर चालणार नाही.

स्कॅनर लावून दोषांच्या नोंदी वाचा. सर्व काही कोरे दिसले म्हणून खूश होऊ नका. आदल्या दिवशी नोंदी पुसल्या असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या 'अपूर्ण' दाखवल्या जातात. हे आपल्या मिस्त्रीला पाहता आले पाहिजे. इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवलेली असेल तर तेही विचारा. अशा गाडीचा क्लच, गियर आणि टर्बो यांनी आपल्या वयापेक्षा अधिक सोसलेले असते.

४. चालवून पाहणे

बाजारपेठेत एक फेरी मारून काही कळत नाही. कमीत कमी अर्धा तास, गर्दीत आणि मोकळ्या रस्त्यावर, पण वेगमर्यादेत चालवा. वरच्या गियरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडी मात्र त्या मानाने पुढे गेली नाही तर क्लच घसरतो आहे. दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गाडीत गर्दीतच खरी परीक्षा होते. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये हिसके बसत असतील तर दुरुस्ती मोठ्या रकमेची असू शकते. ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरले तर डिस्क वाकड्या आहेत. डिस्कची कमीत कमी जाडी तिच्यावरच कोरलेली असते, तिच्याशी ताडून पाहा.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसली तरी जुने रबर वेगात दगा देते. चारही टायर एकाच जातीचे हवेत. एका कडेने झिजलेला टायर चेसिसची चुगली करतो.

५. सुटे भाग आणि इंधन

घेण्यापूर्वी दोन दूरध्वनी करा. पहिला कंपनीच्या नागपूरच्या वर्कशॉपला : या मॉडेलचे भाग मिळतात का, आणि किती दिवसांत? फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. रांजणगावला बनलेल्या फियाट पुंटोचे, त्यातल्या जोरदार अबार्थचेही, उत्पादन बंद पडले. गोव्यात १९९८ च्या सुमारास आलेल्या फायबर अंगाच्या 'सॅन स्टॉर्म' या दोन आसनी गाडीचे भाग आज शोधत फिरावे लागतात. दुसरा दूरध्वनी टोचन करून नेणाऱ्याला : भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, बंद पडलेली बुटकी गाडी सपाट ट्रकवरच न्यावी लागते.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेल्या नाहीत. गाडीच्या पुस्तकात काय लिहिले आहे ते वाचा.

या सर्वांवर एक साधा नियम पाळा. खरेदीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढता येत नसेल तर ती गाडी आपली नव्हे.

६. विकणाऱ्यासाठी दोन शब्द

आपल्यातले अनेक जण गॅरेज चालवतात, जुन्या गाड्यांचा व्यवहारही करतात. मालातला ऐब सांगून विकावा ही शिकवण आपल्याला नवी नाही. ऐब लिहून दिला की पुढे भांडणही राहत नाही. गाडी दिल्यावर फॉर्म २९ भरून १४ दिवसांत आरटीओला कळवणे विकणाऱ्याचे काम आहे. घेणाऱ्याने ३० दिवसांत बदलीचा अर्ज द्यावा. हयगय महागात पडते. नोंदणीत ज्याचे नाव असेल तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या निर्णयानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या गाडीच्या फरकावर १८ टक्के कर लागतो. आपल्या सल्लागाराकडून तो हिशेब करून घ्या.

शेवटी चावीविषयी. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या हाती असलेल्या पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्या गाडीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. १,७५८ रुपयांचे शुल्क भरायचे राहिले होते. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, असे कायद्याचे कलम १९९अ सांगते. पण प्रश्न दंडाचा नाही. गाडी तपासून घेता येते, गेलेला जीव परत घेता येत नाही. म्हणून कागद, अंग आणि इंजिन तपासल्यावर एक गोष्ट घरी तपासा : ही चावी कोणाच्या हातात जाणार आहे? उत्तराने मन स्वस्थ झाले तरच बयाणा द्या.