लांबी घट्ट झाली म्हणजे मजबूत झाली असे नाही

प्रश्न : फायबरच्या होडीची आतली फळी बुडाला जोडायची आहे, बाहेरचे खड्डेही भरायचे आहेत. रेझिनमध्ये टाल्क पावडर घालून दोन्ही कामे भागतील का?

उत्तर : भागणार नाहीत, कारण पावडर रेझिनला दाट करते, पण ताकद देतेच असे नाही. फळी आणि बुडाच्या कोपऱ्यात ताण येतो. तिथे बारीक चिरलेले काचतंतू आणि थोडी फ्यूम्ड सिलिका घाला. सिलिकामुळे लांबी उभ्या पृष्ठभागावरून ओघळत नाही. पत्र्याच्या पट्टीवर घेऊन पट्टी उलटी धरली तरी टोक वाकत नसेल, तर दाटपणा जमला. वरून काचेच्या कापडाचे थर हवेतच. सिलिकाची लांबी वाळल्यावर सहज घासली जात नाही, म्हणून खड्ड्यांना ती नको. तिथे पोकळ काचगोळ्यांची भुकटी, म्हणजे मायक्रोबलून, बरी : हलकी आणि पॉलिशपेपरला पटकन दाद देणारी. पण ताण घेण्यात ती कच्ची.

टाल्क स्वस्त आहे आणि गाड्यांच्या लांबीत सर्रास चालते, हे खरेच. पण ती लांबी पाणी शोषते, त्यामुळे पाण्याखालच्या भागात काही काळाने सुटू लागते. वाचलेले पैसे तिथेच जातात. इपॉक्सी असेल तर आधी हार्डनर पूर्ण मिसळा, भुकटी नंतर; पॉलिएस्टरमध्ये भुकटी आधी, हार्डनर शेवटी. आणि मास्क लावा. सिलिकाची धूळ हवेत बराच वेळ तरंगते.