बिनतारी इअरबड आणि परका स्मार्टफोन : समाईक मानके, खासगी परिसंस्था व ग्राहकहित

एका कंपनीचे इअरबड दुसऱ्या कंपनीच्या स्मार्टफोनला जोडले तर ते चालतात. मात्र पूर्णपणे चालत नाहीत. हा अनुभव किरकोळ वाटला तरी त्यामागे तंत्रज्ञानाची मानके, स्पर्धा कायदा, ग्राहकाचे हक्क आणि दिव्यांगांसाठीची सुगम्यता असे अनेक विषय गुंतलेले आहेत. विज्ञान-तंत्रज्ञान व अर्थव्यवस्था या दोन्ही घटकांच्या दृष्टीने महत्त्वाच्या असलेल्या या प्रश्नाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आंतरपरिचालन म्हणजे काय?

वेगवेगळ्या उत्पादकांची उपकरणे वा सेवा परस्परांशी विनाअडथळा काम करू शकणे, यास आंतरपरिचालन किंवा इंटरऑपरेबिलिटी असे म्हणतात. आपल्या देशात या संकल्पनेची दोन ठळक उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. २० जानेवारी २०११ पासून मोबाईल क्रमांक कायम ठेवून सेवाकंपनी बदलण्याची सुविधा देशभर लागू झाली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय प्रणालीमुळे एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात, कोणत्याही मान्यताप्राप्त अॅपमधून, तत्काळ पैसे पाठविणे शक्य झाले. या दोन्ही ठिकाणी ग्राहकाला एकाच कंपनीशी बांधून ठेवणारा दोर सार्वजनिक नियमांनी सैल केला.

याउलट, एकाच कंपनीचा फोन, घड्याळ, संगणक व इअरबड यांचा जो परस्परपूरक संच तयार होतो, त्याला परिसंस्था म्हटले जाते. परिसंस्थेच्या आत सोय मोठी असते. परंतु बाहेर पडण्याची किंमतही तितकीच मोठी असते. अर्थशास्त्रात तिला बदल-खर्च अशी संज्ञा आहे. इअरबडच्या उदाहरणावरून हा बदल-खर्च नेमका कोठे निर्माण होतो, हे स्पष्टपणे पाहता येते.

समाईक पाया : ब्लूटूथ

बिनतारी इअरबडचा पाया ब्लूटूथ हे तंत्रज्ञान आहे. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये त्यावर काम सुरू झाले. १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया व तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन 'ब्लूटूथ स्पेशल इंटरेस्ट ग्रुप' स्थापन केला. परस्परांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी समाईक मानक स्वीकारल्याचे हे लक्षणीय उदाहरण होय. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याच्या नावावरून हे नाव घेण्यात आले.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरपट्ट्यात काम करते. भारतात २००५ मध्ये या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट देण्यात आली. त्यामुळे इअरबड वापरणाऱ्या नागरिकाला स्वतंत्र परवाना घ्यावा लागत नाही. याच पट्ट्यात वाय-फाय व इतर अनेक उपकरणेही असल्याने अडथळा टाळण्यासाठी पारंपरिक ब्लूटूथ ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलते.

दोन उपकरणांनी केवळ एकमेकांचे संकेत ऐकून भागत नाही. कोणत्या कामासाठी कोणती भाषा बोलावयाची, हेही ठरलेले असावे लागते. ब्लूटूथमध्ये यासाठी 'प्रोफाइल' आहेत. संगीतासाठी ए-टू-डीपी, संभाषणासाठी एचएफपी आणि गाणे थांबविणे वा पुढे नेणे अशा नियंत्रणासाठी एव्हीआरसीपी ही प्रोफाइल वापरली जातात. ती दोन्ही उपकरणांत असली की उत्पादक कोणीही असो, आवाज ऐकू येतोच.

मूळ फरक कोठे पडतो?

ध्वनी पाठविण्यापूर्वी त्याचे आकुंचन करावे लागते व इअरबडमध्ये त्याचा पुन्हा विस्तार करावा लागतो. हे काम करणाऱ्या पद्धतीस कोडेक म्हणतात. संगीतासाठी एसबीसी हा कोडेक सर्वांना अनिवार्य आहे. त्यावरचे कोडेक मात्र ऐच्छिक आहेत. अॅपलचा आयफोन एसबीसी व एएसी वापरतो. सोनीने विकसित केलेला एलडॅक, ज्याचा वेग सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जाऊ शकतो, अनेक अँड्रॉइड फोनमध्ये उपलब्ध आहे. क्वालकॉमच्या अॅपटीएक्सचेही तसेच. सॅमसंगचा स्वतःचा कोडेक सॅमसंगच्याच उपकरणांत चालतो. एका बाजूला असलेला कोडेक दुसऱ्या बाजूला नसेल, तर दोन्ही उपकरणे मुकाट्याने दोघांनाही येत असलेल्या कोडेकवर उतरतात. म्हणूनच एलडॅकसाठी अधिक पैसे मोजून घेतलेले इअरबड आयफोनला जोडले, तर त्या वैशिष्ट्याचा लाभ मिळत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फोनवर बोलू लागताच आवाज एकदम हलक्या दर्जाचा होतो, यास बहुधा परक्या ब्रँडचा दोष मानला जातो. वस्तुतः पारंपरिक ब्लूटूथमध्ये मायक्रोफोन सुरू होताच जोडणी संगीताच्या प्रोफाइलवरून संभाषणाच्या प्रोफाइलवर जाते व ध्वनीची व्याप्ती घटते. एकाच ब्रँडच्या दोन उपकरणांतही हे घडू शकते.

खरी दरी मानकाच्या वर असलेल्या खासगी थरात आहे. अॅपलचे एअरपॉड्स २०१६ मध्ये बाजारात आले. ते अँड्रॉइड फोनला साध्या ब्लूटूथ इअरफोनप्रमाणे जोडता येतात. संगीत व संभाषण दोन्ही चालते. परंतु डबी उघडताच पडद्यावर येणारी जोडणीची सूचना, एका उपकरणावरून दुसऱ्यावर आपोआप जाणे, इअरबड कानातून काढताच गाणे थांबणे, हरवलेले उपकरण अॅपलच्या जाळ्यातून शोधणे या सोयी मिळत नाहीत. गुगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी 'फास्ट पेअर' ही जलद जोडणीची पद्धत आणली. तिचाही पूर्ण लाभ अँड्रॉइडच्या कक्षेतच मिळतो. म्हणजेच भिंत एकाच बाजूने उभी नाही.

सोयीपलीकडचा प्रश्न

या सुविधा म्हणजे चैनीच्या बाबी आहेत, असे कोणी म्हणू शकेल. दोन मुद्दे मात्र त्यापलीकडे जातात.

पहिला मुद्दा सुरक्षिततेचा आहे. इअरबड हाही एक लहान संगणकच असून त्याच्या आज्ञावलीत त्रुटी आढळू शकतात. जून २०२४ मध्ये अॅपलने एअरपॉड्ससाठी एक सुधारणा प्रसृत केली. ब्लूटूथच्या पल्ल्यातील हल्लेखोर स्वतःला मूळ फोन असल्याचे भासवून इअरफोनमध्ये प्रवेश मिळवू शकेल, अशी त्रुटी तिने दूर केली. अशा सुधारणा अॅपलच्याच आयफोन, आयपॅड किंवा मॅकच्या माध्यमातून एअरपॉड्सपर्यंत पोहोचतात. सबब केवळ अँड्रॉइड फोन असलेल्या ग्राहकाच्या हाती तीच वस्तू त्याच किमतीत येते, पण सुरक्षिततेची दुरुस्ती आपसूक येत नाही.

दुसरा मुद्दा श्रवणक्षमतेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी पुनर्वसन सेवांची गरज आहे. श्रवणयंत्रे फोनला जोडण्यासाठी अॅपलने एक व गुगलने दुसरी अशा वेगळ्या पद्धती आणल्या; त्यामुळे श्रवणयंत्र निवडताना आपला फोन कोणता, हा प्रश्न रुग्णापुढे उभा राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एअरपॉड्स प्रो २ वर चालणाऱ्या श्रवणसाहाय्य आज्ञावलीस परवानगी दिली. सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांना तुलनेने स्वस्त पर्याय मिळाला. मात्र श्रवणचाचणी व मांडणी यांसाठी अॅपलचेच उपकरण लागते. आरोग्याची गरज एका ब्रँडच्या फोनशी बांधली जाणे इष्ट आहे काय, हा प्रश्न येथे निर्माण होतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सुगम्यतेवर दिलेला भर पाहता भारतासही तो लागू पडतो.

तांत्रिक उपाय : एलई ऑडिओ

समाईक मानकच अधिक सक्षम करणे हा एक मार्ग होय. २०२० मध्ये जाहीर झालेल्या व २०२२ मध्ये ज्याची तपशीलवार मानके पूर्ण झाली त्या 'एलई ऑडिओ'मध्ये एलसी-३ हा नवा कोडेक अनिवार्य आहे. कमी ऊर्जेत अधिक चांगला ध्वनी, दोन्ही कानांसाठी स्वतंत्र पण समकालिक प्रवाह, श्रवणयंत्रांसाठी समाईक प्रोफाइल आणि एका स्रोतावरून अनेकांना ऐकविणारे 'ऑराकास्ट' प्रसारण ही त्याची वैशिष्ट्ये होत. रेल्वे स्थानकावरील उद्घोषणा थेट श्रवणयंत्रात ऐकू येणे यामुळे शक्य होऊ शकते. तथापि, फोन व इअरबड या दोहोंनी हे मानक स्वीकारले, तरच त्याचा लाभ मिळतो.

नियामक उपाय : युरोपीय संघाचा मार्ग

दुसरा मार्ग कायद्याचा आहे. युरोपीय संघाचा डिजिटल बाजारपेठ कायदा २०२२ मध्ये संमत झाला. ६ सप्टेंबर २०२३ रोजी अल्फाबेट, अॅमेझॉन, अॅपल, बाइटडान्स, मेटा व मायक्रोसॉफ्ट या सहा कंपन्यांना 'द्वारपाल' म्हणून घोषित करण्यात आले व ७ मार्च २०२४ पासून त्यांच्यावरील बंधने लागू झाली. १९ मार्च २०२५ रोजी युरोपीय आयोगाने अॅपलला विशिष्ट निर्देश दिले. जवळ आणताच होणारी जोडणी व ध्वनीचे आपोआप स्थानांतर यांसारख्या सुविधा इतर कंपन्यांच्या उपकरणांनाही टप्प्याटप्प्याने खुल्या कराव्यात, असा त्यांचा आशय आहे. अॅपलने या निर्णयास न्यायालयात आव्हान दिले.

कंपन्यांचा प्रतिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. फोनची खोलवरची दारे सर्वांना उघडल्यास गोपनीयतेस धोका पोहोचू शकतो, तसेच संशोधनावर खर्च करण्याची प्रेरणा कमी होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एअरपॉड्सवरील थेट भाषांतराची सुविधा आली, तेव्हा युरोपीय संघातील ग्राहकांना ती आरंभी मिळाली नाही आणि अॅपलने त्याचे कारण म्हणून याच कायद्याकडे बोट दाखविले. नियमनालाही किंमत असते, हे यावरून लक्षात येते.

भारतातील चौकट

भारतात इअरबडच्या आंतरपरिचालनाविषयी स्वतंत्र कायदा नाही. परंतु संबंधित तरतुदी विखुरलेल्या स्वरूपात आहेत.

प्रथम, मानके. बिनतारी इअरफोनचा समावेश भारतीय मानक ब्युरोच्या अनिवार्य नोंदणी योजनेत आहे. ही नोंदणी सुरक्षिततेची हमी देते. कोणत्या फोनबरोबर कोणती सुविधा चालेल याची नव्हे. चार्जिंगसाठी ब्युरोने यूएसबी टाइप-सीविषयीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले आहे. युरोपीय संघात तर २८ डिसेंबर २०२४ पासून फोन व इअरबडसह अनेक लहान उपकरणांसाठी टाइप-सी सक्तीचे झाले. तारेच्या बाबतीत जे साधले, ते बिनतारी जोडणीत अजून साधावयाचे आहे.

दुसरे, स्पर्धा. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ अन्वये प्रबळ स्थानाचा दुरुपयोग करण्यास मनाई आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडसंदर्भात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. ही कारवाई दुरुपयोग घडल्यानंतरची असते. त्याआधीच बंधने घालण्यासाठी डिजिटल स्पर्धा कायद्यावरील समितीने मार्च २०२४ मध्ये विधेयकाचा मसुदा सादर केला. 'प्रणालीदृष्ट्या महत्त्वाचे डिजिटल उपक्रम' ही त्यातील मध्यवर्ती संकल्पना होय. या मसुद्याचे अद्याप कायद्यात रूपांतर झालेले नाही.

तिसरे, ग्राहकहक्क. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, मानक व किंमत यांविषयी माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयीचे पोर्टलही सुरू केले. इअरबडच्या खोक्यावर 'ब्लूटूथयुक्त सर्व फोनसाठी' एवढेच लिहिणे पुरेसे आहे, की कोणत्या सुविधा कोणत्या फोनवर चालणार नाहीत हेही सांगितले पाहिजे, हा या हक्काच्या व्याप्तीचा प्रश्न आहे.

तोवर खरेदीपूर्वी ग्राहकाने स्वतः चार गोष्टी पाहाव्यात : फोन व इअरबड यांतील समान कोडेक; इअरबडचे अॅप आपल्या फोनवर उपलब्ध आहे की नाही; आज्ञावलीतील सुधारणा कोणत्या मार्गाने येतात; आणि ज्या वैशिष्ट्यासाठी अधिक पैसे मोजायचे, ते परक्या फोनवर चालते काय.

समारोप

समाईक मानक किमान सेवेची हमी देते. स्पर्धा त्यावरच्या थरात रंगते. कंपन्यांनी आपल्या उत्पादनात वेगळेपण आणू नये, असा आग्रह कोणी धरणार नाही. मात्र सुरक्षिततेची दुरुस्ती आणि श्रवणसाहाय्य या गोष्टी वेगळेपणाच्या नसून गरजेच्या आहेत. त्या खासगी थरातून समाईक थरात कशा आणावयाच्या, हे ठरविणे सार्वजनिक धोरणाचे काम आहे. मोबाईल क्रमांक व यूपीआय यांच्या बाबतीत आपल्या देशाने ती सीमारेषा ग्राहकाच्या बाजूने आखली. बिनतारी उपकरणांच्या बाबतीत ती कोठे आखली जाते, त्यावर कोट्यवधी ग्राहकांची निवड किती मोकळी राहील हे अवलंबून आहे.

सरावासाठी प्रश्न

१. आंतरपरिचालन म्हणजे काय? यूपीआय व ब्लूटूथ यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. डिजिटल बाजारपेठेत घटनेनंतरची कारवाई व पूर्वनियमन यांतील फरक सांगून भारताच्या संदर्भात चर्चा करा.
३. 'परिसंस्था ग्राहकाला सोय देते, पण स्वातंत्र्याची किंमत घेते.' या विधानाचे चिकित्सक परीक्षण करा.