समस्थानिके आणि मधाची परीक्षा

मध हे आपल्या चिकित्सेतील नित्याचे अनुपान आहे. सितोपलादि चूर्णापासून च्यवनप्राशासारख्या अवलेहापर्यंत त्याच्यावाचून आपले चालत नाही. बाजारात मिळणारा मध खरोखर मध आहे काय, हा प्रश्न म्हणूनच वैद्य आणि औषधनिर्माता या दोघांनाही टाळता येत नाही. या प्रश्नाचे एक उत्तर अणुविज्ञानातील ‘समस्थानिक’ या संकल्पनेत आहे. प्रस्तुत लेखात आपण तिचा परिचय करून घेऊ.

समस्थानिक म्हणजे काय?

प्रत्येक मूलद्रव्याच्या अणुगर्भात प्रोटॉनांची संख्या ठरलेली असते. कार्बनमध्ये सहा प्रोटॉन असतात. ही संख्या बदलली तर ते मूलद्रव्यच राहत नाही. न्यूट्रॉनांची संख्या मात्र कमी-अधिक असू शकते. कार्बनच्या काही अणूंत सहा, काहींत सात, तर अत्यल्प अणूंत आठ न्यूट्रॉन आढळतात. हेच अनुक्रमे कार्बन-१२, कार्बन-१३ आणि कार्बन-१४. रासायनिक स्वभाव जवळजवळ एक, वजन मात्र भिन्न. आवर्त सारणीत त्यांचे स्थान एकच असल्याने त्यांना समस्थानिके म्हणतात. फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये ही कल्पना मांडली. तिच्यासाठी ‘आयसोटोप’ हा ग्रीक धातूंवरून घडवलेला शब्द मार्गारेट टॉड या स्कॉटिश डॉक्टर महिलेने सुचवला होता. आमच्या वाचकांना ही गोष्ट विशेष वाटेल.

समस्थानिक म्हटले की किरणोत्सर्गाची भीती वाटते. ती सरसकट खरी नाही. कार्बन-१४ किरणोत्सर्गी आहे, परंतु कार्बन-१२ आणि कार्बन-१३ पूर्णतः स्थिर आहेत. आपल्या पारदाचीही सात स्थिर समस्थानिके निसर्गात एकत्र मिसळलेली असतात. शोधन, मर्दन, मारण या क्रियांनी पारदाची संयुगे बदलतात. अणुगर्भापर्यंत त्या पोहोचत नाहीत.

वनस्पतींची खूण

निसर्गातील कार्बनमध्ये सुमारे ९८.९ टक्के कार्बन-१२ आणि सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतो. हे प्रमाण सर्व वनस्पतींत तंतोतंत सारखे नसते. तूर, हरभरा, सोयाबीन, करडई, कडुनिंब या वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड ज्या विकराच्या साहाय्याने बांधतात, तो विकर जड कार्बन-१३ मोठ्या प्रमाणात मागे टाकतो. यांना सी-३ वनस्पती म्हणतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी या सी-४ वनस्पतींची पहिली पायरी निराळ्या विकराने होते आणि तो इतकी निवड करीत नाही. परिणामी उसाच्या साखरेत कार्बन-१३ तुलनेने अधिक राहतो.

हा फरक फार सूक्ष्म असल्याने तो एका आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी तुलना करून दर हजारी मोजतात. सी-३ वनस्पतींचे मूल्य साधारणतः उणे २२ ते उणे ३३, तर उसाचे उणे ११ ते उणे १२ च्या आसपास येते. मधमाश्या मकरंद गोळा करतात ती फुले बहुतांशी सी-३ वनस्पतींची. वाशीम जिल्ह्यातील तुरीच्या किंवा करडईच्या फुलोऱ्यावरील मधही याच गटात मोडतो.

परीक्षा कशी होते?

मधाचा नमुना जाळून त्यातील कार्बनचे कार्बन डायऑक्साइड वायूत रूपांतर करतात. वस्तुमान-वर्णपटमापक यंत्रात ४४ आणि ४५ वस्तुमानाचे रेणू वेगळे मोजले जातात. त्याच मधातील प्रथिनही वेगळे काढून तपासतात. प्रथिन आणि शर्करा ही दोन्ही एकाच मधातील असल्याने शुद्ध मधात त्यांची मूल्ये जवळपास जुळतात. वरून उसाची किंवा मक्याची साखर मिसळली, तर शर्करेचे मूल्य सरकते, प्रथिनाचे मात्र जागीच राहते.

उदाहरणादाखल, प्रथिनाचे मूल्य उणे २५.५ आणि मधाचे उणे २४.० आले, तर फरक १.५ होतो. प्रचलित सूत्रात सी-४ साखरेचे मूल्य उणे ९.७ धरतात. त्यामुळे १.५ ला १५.८ ने भागले असता भेसळ सुमारे ९.५ टक्के निघते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये अधिसूचित केलेल्या मानकांत सी-४ साखरेची मर्यादा ७ टक्के ठेवलेली आहे. म्हणजे असा नमुना अनुत्तीर्ण ठरेल.

परीक्षेची मर्यादा

तांदूळ आणि बीट या सी-३ वनस्पती आहेत. त्यांच्यापासून केलेला पाक मधात मिसळला, तर कार्बनची ही परीक्षा त्याला पकडू शकत नाही. विज्ञान व पर्यावरण केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासात हीच पळवाट उघड झाली. नेहमीच्या परीक्षांतून उत्तीर्ण झालेले अनेक नमुने चुंबकीय अनुस्पंदन परीक्षेत टिकले नाहीत. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. फुलोरा नसताना मधपाळ मधमाश्यांना साखरेचा पाक देतात. तो पोळ्यातील मधात उतरला, तर मध काढताना कोणी भेसळ केलेली नसतानाही अहवाल प्रतिकूल येऊ शकतो.

आपल्यासाठी बोध

मध रूक्ष, लेखन व योगवाही मानला आहे. साखरेचे गुण तसे नाहीत. भेसळीने केवळ ग्राहकाची फसवणूक होत नाही, तर योजलेले अनुपानच बदलते. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत तर याचे गांभीर्य अधिक आहे. पाण्यात थेंब सोडणे, वात पेटवणे, मुंग्या लागतात का ते पाहणे या घरगुती परीक्षांवर आजच्या भेसळीपुढे विसंबता येणार नाही.

म्हणून फार्मसीधारकांनी घाऊक मध घेताना प्रत्येक घाणीच्या क्रमांकासह प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. त्यात सी-४ साखरेचे प्रमाण आणि प्रथिन व मध यांतील फरक दोन्ही नोंदलेले आहेत का, हे पाहावे. तांदळाच्या पाकाची स्वतंत्र परीक्षा झाली आहे का, तेही विचारावे. शक्य तेथे ओळखीच्या मधपाळाकडून खरेदी करून फुलोरा आणि मध काढल्याचा महिना लिहून ठेवावा. आप्तवाक्य आणि प्रत्यक्ष ही दोन्ही प्रमाणे आपण मानतो. तेव्हा विक्रेत्याच्या शब्दाला प्रयोगशाळेच्या प्रत्यक्षाची जोड असावी, एवढीच आमची विनंती.