गुरुत्वलहरींचा पाचवा साक्षीदार

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ आपणा मराठवाडेकरांना ज्योतिर्लिंगामुळे ठाऊक आहे. त्याच परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहावयाची आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा असताना आणखी एक कशाला, हा प्रश्न आम्हा जळकोटकरांना पडणे साहजिक आहे.

प्रचंड वस्तू एकमेकींभोवती फिरल्या की अवकाशात लहरी उठतात, असे आइन्स्टाइनने १९१६ साली सांगितले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी त्या प्रथम सापडल्या. आता प्रश्न त्यांच्या रूपाचा आहे. जमिनीवर खड्यांचे रिंगण मांडले आहे आणि वरून लहर आली, अशी कल्पना करू. आइन्स्टाइनच्या मते रिंगण एका दिशेने ताणले जाईल, तेव्हा आडव्या दिशेने आक्रसेल; हे घडण्याच्या तऱ्हा दोनच. यास ध्रुवण म्हणतात. गुरुत्वाकर्षणाच्या इतर सिद्धांतांत मात्र एकूण सहा तऱ्हा संभवतात. उदाहरणार्थ, रिंगण भात्याप्रमाणे सर्व बाजूंनी फुगेल व मिटेल. अशी एक जरी तऱ्हा सापडली, तरी आइन्स्टाइनचा सिद्धांत अपुरा ठरेल. वेगळा सिद्धांत मांडणारे आपल्यातही होऊन गेले: जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्यासह १९६४ साली तसा मांडला होता.

लायगोच्या यंत्राला काटकोनात चार किलोमीटरचे दोन बाहू असतात व ते त्यांच्या लांबीतील फरक मोजते. परंतु अमेरिकेतील दोन्ही यंत्रांचे बाहू जवळजवळ सारख्याच रोखाने आहेत. एकाच बांधावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांना बैलाची एकच बाजू दिसावी, तशी त्यांची साक्ष. १४ ऑगस्ट २०१७ रोजी इटलीतील ‘व्हर्गो’ या तिसऱ्या, वेगळ्या रोखाच्या यंत्रानेही लहर टिपली, तेव्हा प्रथमच ध्रुवणाची पारख झाली. कौल आइन्स्टाइनच्या बाजूने गेला. तथापि त्याच्या दोन तऱ्हांत इतर तऱ्हांची थोडी भेसळ आहे काय, हे तीन साक्षीदारांवरून ठरत नाही.

सहांपैकी दोन तऱ्हा अशा यंत्राला सारख्याच भासतात. म्हणून पाच तऱ्हा वेगळ्या करण्यास पाच यंत्रे लागतात. जपानचे ‘काग्रा’ चौथे. पाचवे औंढ्याचे होय. आणखी एक कशाला, याचे उत्तर हे असे आहे.