थोरला भाऊ बाहेरच राहिला

गेल्या कार्तिकी एकादशीची गोष्ट. आमच्या कॅम्प दोनमधल्या भजनात एक जुना टाळकरी पाच-सहा वर्षांनी आला. दारूपायी माळ उतरवलेली, संसार विस्कटलेला. त्याने टाळासाठी हात पुढे केला तेव्हा मीच म्हणालो, "आधी माळ, मग टाळ!" बोलणे नियमाला धरूनच होते. तो निमूटपणे चपलांपाशी जाऊन बसला आणि आरतीपूर्वीच निघून गेला.

पुढे एका ख्रिस्ती शेजाऱ्यांनी लूककृत शुभवर्तमान वाचावयास दिले. त्याच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राचा दृष्टान्त आहे. मला तो ठाऊक होता, पण अर्धाच. हा विषय मराठीला परका नाही बरे का! फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण गोव्यात रायतूर येथे 1616 साली छापले गेले, आणि ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ती मंडळींत कीर्तनच उभे केले.

धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो, परमुलखात सारे उडवतो. दुष्काळ पडतो, डुकरे राखण्याची पाळी येते. मग घराकडे वळतो. मुलगा म्हणवून घ्यायची लायकी उरली नाही, गडी म्हणून तरी ठेवा, असे सांगायचे मनाशी घोकीत येतो. तो दूर आहे तोच बापाला दिसतो! म्हणजे म्हाताऱ्याची नजर रोज त्या वाटेवरच असली पाहिजे. फाळणीत घरदार सुटलेल्या सिंधी बांधवांनी वसवलेल्या आमच्या या गावात हे समजावून सांगावे लागत नाही. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. गडी म्हणून ठेवा, हे शब्द मुलाच्या तोंडून निघण्याआधीच उंची झगा, अंगठी, पायांत जोडे आणवतो.

आपला पुंडलीकही आधी आईबापांना छळणाराच. भागवताच्या षष्ठ स्कंधातला अजामिळ मुलाला हाक मारतो आणि तेवढ्या 'नारायण' शब्दाने सुटतो. तिथे नामाचा महिमा, इथे बापाचा कळवळा. दोन्ही अगदी एकच म्हणण्याची घाई मात्र मी करणार नाही.

पण येशूने ही गोष्ट सांगितली कोणाला? हा पाप्यांच्या पंक्तीला बसतो म्हणून कुरकुरणाऱ्या परुशांना आणि शास्त्र्यांना, म्हणजे नेमधर्म पाळणाऱ्यांना. म्हणून तीत थोरला भाऊ आहे. शेतातून येताना त्याला घरातले गाणेबजावणे ऐकू येते आणि तो रागाने बाहेरच थांबतो. इतकी वर्षे राबलो, मला कधी करडूही मिळाले नाही, ही त्याची तक्रार. धाकट्याला तो 'भाऊ' म्हणत नाही, बापाला उद्देशून 'तुझा मुलगा' म्हणतो. त्याच्यासाठीही बाप बाहेर येतो, विनवतो, आणि 'तुझा भाऊ' असा शब्द दुरुस्त करून देतो. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

माझी माळ पन्नास वर्षांची. ते पान मला पुढे वाचवेना.

गेल्या बुधवारी टाळांची जोडी घेऊन त्याच्या घरी गेलो. दाराला कुलूप होते. कामावर गेलाय, संध्याकाळी उशिरा येतो, असे शेजारीण म्हणाली. टाळ अजून पिशवीतच आहेत. आज रात्री पुन्हा जाणार आहे.